परसातले पाच कंद

घड्याळजींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेची खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा आणि दिव्याखाली दिवसभर वाकलेलं एक टक्कल. गल्लीतली पोरं त्यांना टिकटिककाका म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा, पण एक खोड जन्माची: उघडून बघितल्याशिवाय कशावर विश्वास म्हणून नाही. कुणी चालू घड्याळ नुसता पट्टा बदलायला आणलं तरी हे मागचं झाकण उघडणारच. आणि उघडलं की झाकणाच्या आत सुईने बारीकशी तारीख कोरणार. उस्तादाने लावलेली शिस्त होती ती. घड्याळ पुन्हा बिघडून आलं, तर आपला हात कधी लागला होता हे कळायला नको?

घराच्या मागे बाग होती, बारा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद. ती बायकोची. तिथे घड्याळजींचं काही चालत नसे. एका उन्हाळ्यात त्यांनी झाडांना पाणी घालायचं वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं, तर तिने तोच कागद काढून त्यात बिया गुंडाळून ठेवल्या.

"झाडांना घड्याळ कळत नाही हो," ती म्हणाली, "आणि तुम्हाला झाडं कळत नाहीत. तुम्ही आपले खुर्ची टाकून बसा."

ते बसत. एका थंडीत दोघं लिंबोणीजवळ उन्हाला बसली होती, तर एक चिमणी येऊन तिच्या खांद्यावर टेकली. चहा निवून गेला, पण चिमणी उडेपर्यंत कुणी कपाला हात लावला नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात दोघं एकाच वेळी गप्प बसल्याचं ते एकच उदाहरण.

पुढे ती आजारी पडली, तेव्हा घड्याळजींनी तिचंही घड्याळ केलं. तासातासाला नाडी, दोन तासांनी ताप, आणि जरा डोळा लागला की "बरं वाटतंय ना?"

"अहो, मला सारखं उघडून बघू नका," एकदा ती वैतागून म्हणाली. "जरा पडू द्या."

पाऊस ओसरला तसा तिला थोडा उतार पडला. तिने धाकट्या बहिणीकडून लिलीचे पाच कंद मागवले आणि भिंतीच्या कडेला स्वतः बसून लावले. हात धुताना बजावलं, "यांना हात लावायचा नाही. वर यायचे तेव्हा येतील." मग थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी तिने नवऱ्याला दुकानात पिटाळलं. चार तास तोंड दाखवू नका, म्हणाली. घड्याळजींनी आयुष्यात एकदाच तिचं शब्दशः ऐकलं. चार तासांनी ते चहा घेऊन आत गेले, तेव्हा ती गेलेली होती.

अशा माणसाला मातीत पुरलेल्या कंदांवर भरवसा ठेवायला कोण शिकवणार? महिनाभराने एका रविवारी ते खुरपं, चिमटा आणि भिंग घेऊन भिंतीशी बसले. पाचही कंद वर काढले. एकाच्या बुडाशी पांढरं मूळ दिसलं, दोऱ्याएवढं. "चालू आहे," ते स्वतःशी म्हणाले आणि त्या दिवशी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. पण त्याआधी, कंद पुन्हा पुरताना, सवयीने हात खिशातल्या सुईकडे गेला होता. प्रत्येक कंदावर त्यांनी तारीख घातली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. थंडी संपेपर्यंत दोन कंद मऊ पडून सडले. घड्याळजींनी पाणी कमी केलं आणि तपासणी वाढवली. अति तिथे माती म्हणतात ते उगीच नाही. ऊन तापायला लागलं तेव्हा चार गेलेले होते. पाचव्याच्या अंगावर ओळीने अकरा तारखा होत्या.

मेहुणी आली ती त्याच दिवसांत. खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती थेट मागे गेली.

"भावोजी, ताईच्या लिल्या कुठेत?"

त्यांनी सगळं सांगितलं. रविवार, भिंग, तारखा.

"तारखा? सुईने?"

"उघडलं की घालायची असते ना तारीख."

मेहुणीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "कंदाला ओरखडा गेला की तिथूनच सडतो तो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. घड्याळजी पायरीवर बसले. "तिने एवढं एकच मागितलं होतं," ते म्हणाले. "हात लावू नका. तेवढंही जमलं नाही मला."

"पाचवा मी बघते. तुम्ही जाऊन चहा टाका."

ते कप घेऊन आले तेव्हा माती सारखी झालेली होती आणि मेहुणी नळाखाली हात धूत होती. "चांगला आहे," ती म्हणाली. "कडक आहे. आता पाऊस सरेपर्यंत हात लावाल तर माझी शपथ आहे." आणि खुरपं स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेली.

घड्याळजींनी शपथ पाळली. रविवारी खुर्ची टाकून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. पावसात कोंब आला, पुढे दांडा, आणि एका सकाळी पांढरी लिली. घड्याळजी छत्री उघडून तिच्याशेजारी बसले आणि पोटभर रडले. दुकानात येईल त्याला ते सांगत, बायकोने लावलेली आहे.

पाऊस सरला. पानं पिवळी पडून वाळली. शपथेची मुदत संपल्यावर पहिल्याच रविवारी घड्याळजींनी स्वयंपाकघरातला चमचा घेतला आणि माती उकरली. कंद टपोरा होता. त्यांनी भिंग डोळ्याला लावून तो तीनदा फिरवून पाहिला. अंगावर एकही ओरखडा नव्हता.

अकरा तारखांचा कंद गेला होता. तो त्याच दिवशी गेला होता, ते चहा टाकत होते तेव्हा, आणि मेहुणीने आपल्या पिशवीतला दुसरा कंद त्याच्या जागी पुरून तो नेला होता. बायकोच्या हातचं म्हणून आता मातीत काही उरलं नव्हतं. 

आत फोन वाजला. ते कंद हातात घेऊनच आत गेले. रविवारी मेहुणीचा फोन असेच.

"भावोजी, कशी आहे ताईची लिली?"

घड्याळजींनी तळहातावरच्या कंदाकडे पाहिलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. "कंद कडक आहे."

फोन ठेवून ते मागे आले. कंद होता तिथे ठेवला, वर माती लोटली. तारीख घातली नाही.