मोरपिशी साडीचा चिरा

सुरतेतल्या भेस्तानच्या सरकारी आवास वसाहतीत कुंदनला सगळे सेवाभावी बाई म्हणत. तो शब्द कानावर आला की ती मान खाली घालून भलत्याच कामाला लागे. लोकांना तो विनय वाटायचा.

पाच वर्षांपूर्वी ती अमळनेरकडून नवऱ्यामागोमाग सुरतेला आली, तेव्हा तिची लेक हर्षदा अंगावर पीत होती. नवरा लूमवर बारा बारा तास. खालच्या मजल्यावरच्या धुरपदाबाईंनी तिला धागाकटिंगचं काम मिळवून दिलं. भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साडीचे लोंबते दोरे कापायचे, घडी घालायची, संध्याकाळी काम देणारा मगनभाई मोपेडवर गठ्ठा घेऊन जायचा. दोघी इतर बायकांसोबत एकाच ओट्यावर बसत. कुंदन डावखुरी. तिची कात्री बघून बायका हसत, पण हात चलाख होता.

एका दुपारी पोर रडली, कुंदनने वर पाहिलं आणि कात्री दोऱ्याऐवजी कापडात गेली. मोरपिशी साडी, पदरालगत बोटभर चिरा. तिने मुकाट्याने घडी घातली आणि साडी दोघींच्या मधल्या ढिगात सरकवली.

संध्याकाळी मगनभाईने नेमकी तीच उघडून धरली. हे काम कोणाचं, एवढंच त्याने विचारलं. कुंदन मान खाली घालून दुसऱ्या साडीचे दोरे कापत राहिली. बाकीच्यांच्या नजरा आपोआप धुरपदाबाईंच्या जाड भिंगांकडे वळल्या. म्हातारी तो चिरा बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, माझंच असेल. मगनभाईने तिचं काम त्याच दिवशी बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कुंदन भाजीची वाटी घेऊन खाली गेली ती खरं सांगायलाच. वाटी ठेवली आणि परत आली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिने म्हातारीला सरकारी दवाखान्यात नेलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन करवलं, महिनाभर डोळ्यांत थेंब घातले. ते पाहून समोरच्या बळीरामबुवांनी मलाही नेशील का विचारलं, मग आणखी कोणी. रांगा, कागद, खिडक्या तिला पाठ झाल्या. आठवड्यातून दोनदा ती कोणाचा ना कोणाचा हात धरून दवाखान्यात असे. पट्टी सुटल्यावर एखादी म्हातारी तिच्याकडे बघून हसली, की तिचा सगळा दिवस उजळून जाई. घरी येईतो मात्र त्या आनंदाचीच लाज वाटू लागे, जणू तोही दुसऱ्याच्या ढिगातून उचललेला.

यंदा गणपतीत मंडळाने तिचा सत्कार ठरवला. शाल धुरपदाबाईंच्या हातून. कुंदनने दोनदा नाही म्हटलं, तर मंडळाचा नितीन म्हणाला, "भाभी, आता भाव खाऊ नका."

स्टेजवर म्हातारीने शाल उलगडली. कुंदन वाकली ती तिच्या कानाशीच.

"मावशी, ती साडी मी कापली होती."

धुरपदाबाईंचे हात थांबले नाहीत. शाल नीट खांद्यावर बसवत त्या हळूच आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माले तवयच समजनं व्हतं, पोरी. चिरा डावा हातना व्हता. तुनं काम नवं, पदरमा पोर. मना डोया तं तशा बी जायेलच व्हतात."

म्हणजे आपले डोळे गेलेलेच आहेत म्हणून या बाईने दोष अंगावर घेतला होता, आणि पाच वर्षं तिच्या हातची भाजी सगळं माहीत असून खाल्ली होती. कुंदनला ती शाल अंगावर सहन होईना. तिने नितीनच्या हातून माईक घेतला आणि मावशींचं काम ज्या साडीने गेलं ती मी कापली होती, हे सगळ्यांना ऐकवलं. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पहिल्या रांगेत मगनभाईने खाली पाहिलं. मागून धुरपदाबाई कुरकुरल्या, "बस आते. परसाद थंडा व्हई राहिना."

सकाळी ओट्यावर दोन बायकांनी आपापले ढीग कुंदनपासून लांब ओढून घेतले. नऊ वाजता बळीरामबुवांना दुसऱ्या डोळ्यासाठी न्यायचं होतं. त्यांचं दार बंद होतं. हाक मारायचा धीर होईना, म्हणून ती जिन्याशी नुसतीच उभी राहिली. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले.

मग दार उघडलं. बुवा काठी टेकत बाहेर आले. तिच्याकडे बघितलं नाही. पहिल्या पायरीपाशी थांबले आणि धरण्यासाठी हात पुढे केला. कुंदनने आधी उजवा हात पुढे केला. तिने तो मागे घेतला आणि ज्या हाताने ती कात्री धरायची, त्या डाव्याने त्यांचा हात धरला.