कॅसेटमधला भोंगा

वडील पाळी अर्धी टाकून घरी आले, असं माझ्या आठवणीत एकदाच घडलं. सायकल भिंतीला टेकवून ते आत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "तू परदेशात काय धाडलं गा?"

मी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. धरमपेठेतला एक मित्र आणि मी मिळून कॅसेटी तयार करायचो. त्यांत गाणी नसायची. शॉर्टवेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे ऐकू येणारी शिट्टी, कूलरच्या पंपाची घरघर, पत्र्यावर ओढलेली साखळी असं काहीबाही असायचं. आम्ही त्याला प्रायोगिक संगीत म्हणायचो, आई खरखर म्हणायची. मित्राचा आणि आमचा टेपरेकॉर्डर वायरने जोडून एकेक तुकडा उतरवायचा. पॉजचं बटण क्षणभर उशिरा सुटलं की तो तुकडा पुन्हा भरायचा. असेच आवाज गोळा करणारा एक जण पुण्याला होता, एक जर्मनीत. त्यांचे तुकडे टपालाने यायचे. सगळ्यांची मिळून साठ मिनिटं झाली की आठ-दहा प्रती काढायच्या आणि प्रत्येकीत टाइप केलेली यादी घालायची.

त्या खेपेच्या यादीत मी लिहिलं होतं, 'कारखान्याचा भोंगा, सकाळची पाळी.' कारखाना सरकारी होता, सैन्यासाठी माल बनवणारा, आणि वडील तिथे फिटर होते. जर्मनीचं पाकीट वाटेत कुठेतरी उघडलं गेलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्या कारखान्याच्या क्वार्टरचा होता.

"भोंगा कुठून भरला?"

"कंपाउंडच्या भिंतीजवळून. रस्त्यावरून."

"अंदर तं नाही गेला?"

"नाही, बाबा."

"उद्या साहेबांनी दोघांलेही बोलावलं आहे," एवढं बोलून ते परत कामावर गेले. आईने त्या दिवशी रेडिओसुद्धा लावला नाही.

सुरक्षा अधिकाऱ्यांच्या टेबलावर माझी कॅसेट आणि एक टेपरेकॉर्डर होता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि बटण दाबलं. पहिल्याच मिनिटाला शॉर्टवेव्हची टिकटिक सुरू झाली.

"हा कसला संकेत आहे?"

"संकेत नाही सर. संगीत आहे."

माझं मलाच ते खोटं वाटलं. पुढे जड, संथ ठोके आले. त्यांनी टेप थांबवली. "ही मशीन कारखान्याच्या कोणत्या शॉपमधली?"

मी काही बोलणार तेवढ्यात वडील म्हणाले, "साहेब, हा हातमाग आहे. उमरेडले माझ्या भावाच्या घरचा." मी तो उतरलेल्या सेलवर वाजवून हळू केला होता, तरी त्यांनी ओळखला. टेबलावर तळहात आपटत ते सांगू लागले, "हा धागा घेऊन धोटा गेला. ही फणी बसली." टेबलाखाली त्यांचे पायही मागावर बसल्यासारखे हलत होते. मी जन्मायच्या आधी त्यांनी माग सोडला होता.

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि टेप पुढे सोडली. मग भोंगा आला. तो संपता संपता भिंतीजवळून जाणाऱ्या दोघांचं बोलणं ऐकू आलं. भरताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"पोराले ताप आहे गा. मी दहा वाजता निंगतो. सुट्टीच्या टाइमले माह्यं कार्ड पंच करजो."

अधिकाऱ्यांनी टेप मागे नेली, पुन्हा ऐकली. मग तिसऱ्यांदा. तो आवाज आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांचा होता. मी खिडकीकडे बघत राहिलो.

"हा कोण?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"ओळखू नाही येत, साहेब."

"माग ओळखू आला, माणूस नाही?"

"नाही, साहेब."

अधिकाऱ्यांनी टेप बंद केली. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मुलगा पुन्हा कारखान्याच्या आसपास काही रेकॉर्ड करणार नाही, असं वडिलांनी लिहून दिलं. कॅसेट तिथेच राहिली.

फाटकाबाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "अशा अजून किती आहेत?"

"घरी पाच. दोन पुण्याला गेल्या."

घरी येऊन त्यांनी माझ्याशेजारी बसून पाचही कॅसेटींवरचं ते बोलणं पुसून घेतलं. मी पुण्याच्या मित्राला दोन्ही प्रती परत मागितल्या. त्याचं पोस्टकार्ड आलं: प्रती पुढे वाटल्या, आणि भोंग्यानंतरचं ते बोलणं सगळ्यांना फार आवडलं.

ते पोस्टकार्ड मी वडिलांना दाखवलं नाही. त्या वर्षी त्यांची बढती अडली, का ते कोणी सांगितलं नाही. शेजारचे काका अधूनमधून चहाला यायचे, आणि ते बोलायला लागले की मी उठून बाहेर जायचो.