सईने माझ्या हातात दिलेला दोर

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या देवगड तालुक्यात भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नाही, आणि लहानपणी त्या ऐकून सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच असायचो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की म्हातारा परदेशात एकटा राहून भ्रमिष्ट झाला.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. नंतर वेल्डिंग शिकलो आणि विशीत बहरीनला आलो. आज मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. जहाजांचे पंप, पाइप, रेलिंग असलं काम येतं. मालक बहरीनी, अबू यूसुफ. माझं वय झालं तरी दरवेळी व्हिसा रिन्यू करतो, "तू गेलास तर या पोरांना कोण सांभाळणार" म्हणतो. या माणसाचे आणि या देशाचे उपकार मी विसरलेलो नाही. माझी मुलगी मंजू शिकली, पुण्यात तिचं चांगलं चाललंय, ते इथल्याच पगारावर. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या... आणि एक विनंती. मंजूला हे सदर वाचायची सवय नाही. ओळखीचं कुणी असेल तर तिला हे दाखवू नका.

गेल्या मे महिन्यात मंजू दोन्ही पोरींना घेऊन माझ्याकडे आली. सई अकरा वर्षांची, ओवी सहाची. सईला शाळेत सुट्टीचा प्रोजेक्ट होता — सीमेवरचे किल्ले. कुठला किल्ला कुणाची हद्द राखायचा, कुणापासून राखायचा, असं सगळं. तिने देवगड आणि विजयदुर्ग आधीच केले होते, आता तिला बहरीनचे हवे होते.

"आजोबा, तुम्हाला सगळे माहीत आहेत ना?"

मला काहीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत वर्कशॉप, गुदैबियातली खोली आणि बाजार, एवढंच बहरीन मी पाहिलेलं. पण नात पहिल्यांदाच मला काहीतरी विचारत होती, तेही मराठीत. एरवी मी मराठीत बोलायचो आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. मी म्हटलं, "माहीत म्हणजे काय! चल गो, दाखवतो."

मग आम्ही संध्याकाळी ऊन उतरलं की बाहेर पडायचो. अरादचा किल्ला पाहिला — मुहर्रकच्या बाजूची खाडी राखणारा, बुटका, गोल बुरुजांचा. रिफाचा पाहिला, तिथून खालची दरी दिसते. सई वहीत चित्रं काढायची. ओवीला किल्ल्यांशी देणंघेणं नव्हतं, तिला मांजरं हवी असायची, आणि मांजरं प्रत्येक किल्ल्यात होती. सई एकदा म्हणाली, "आजोबा, किल्ले नेहमी एजवरच असतात. मध्ये कुणी बांधतच नाही." मला ते फार आवडलं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं.

एका शुक्रवारी मोठ्या किल्ल्यावर गेलो. बहरीन किल्ला, समुद्राला लागूनच. त्या दिवशी मंजू शेजारणीबरोबर बाब अल बहरीनच्या बाजारात कापड बघायला गेली होती. निघताना म्हणाली, "बाबा, पाण्याजवळ नका नेऊ हं. ओवीला पोहता येत नाही."

"अगो, मी समुद्रावरच वाढलोय," मी म्हटलं.

किल्ल्यात फिरून झालं. इथे पोर्तुगीज होते, त्यांच्याआधी दुसरे, त्यांच्याही आधी तिसरे, असं सई पाटीवर वाचून मला सांगत होती. मी म्हटलं हे फिरंगी आमच्याकडेही होते, त्यांना समुद्राकाठचं काही सोडवत नव्हतं. ती हसली. मग आम्ही किल्ल्याच्या मागून किनाऱ्यावर उतरलो. पाणी पार लांब गेलेलं. वाळू-चिखलाचा मोठा सपाट पट्टा उघडा पडलेला आणि त्याच्या टोकाला जुन्या पडक्या बांधकामाचे दगड. सईच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"तो पण किल्ल्याचा भाग असेल. आजोबा, कॅन वी गो? थांबा, टाइड बघते." तिने मोबाइल काढला.

इथे मी जे केलं ते लिहायलाच मी बसलोय.

आमच्याकडे भरती-ओहोटीसाठी कुणी घड्याळ बघत नाही. तिथीची पाऊणपट काढली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. हे गणित सातवी नापासालाही येतं. आदल्या दिवशी पौर्णिमा होऊन गेली होती. मी मनात हिशोब केला... सोळाची पाऊणपट बारा, बाराला भरती, सहा वाजेपर्यंत ओहोटी. म्हणजे अजून तासभर पाणी मागेच जाणार. मी तिच्या हातातला मोबाइल खाली केला आणि म्हटलं, "समुद्राची वेळ फोनला काय विचारतेस? तुझा आजोबा देवगडचा आहे. जाऊन या बिनधास्त."

तिला ते गणित समजावून सांगितलं. केवढ्या कौतुकाने बघत होती माझ्याकडे. मला काय ठाऊक, आमच्या समुद्राचं गणित या समुद्राला लागू नाही! इतकी वर्षं पाण्यापासून हाकेच्या अंतरावर काम केलं, पण इथली भरती कधी येते ते एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचं सुचलंच नाही.

माझा गुडघा दुखतो, म्हणून मी काठावर दगडावर बसलो. पोरी हात धरून गेल्या. सईची निळी टोपी, ओवीची गुलाबी. दगडांवर चढल्या, हात हलवले. तेवढ्यात वर्कशॉपमधून फोन आला, पंपाचं काहीतरी अडलं होतं. वारा फार होता, ऐकू येईना, म्हणून मी पाठ फिरवून उभा राहिलो.

वळलो तेव्हा मधला पट्टा नव्हता. पाणी आलं होतं. समोरून नाही — दोन्ही बाजूंनी, आवाज न करता. पोरींच्या आणि माझ्या मध्ये जी सखल जागा होती तिथे हिरवंगार पाणी वाहत होतं, आणि त्या रंगावरून खोली मला उभ्या जागी कळत होती.

मी हाका मारल्या. वाऱ्यापुढे काही पोचेना. किनाऱ्यावर जवळपास कुणी नव्हतं. मला पोहता येतं, चांगलं येतं. चप्पल काढली, मांडीपर्यंत पाण्यात गेलो... आणि पाय पुढे उचलेना. गुडघा नव्हे. भीती. माझ्या दोन नाती समोर आणि मी खांबासारखा उभा. किती वेळ ते माहीत नाही.

मग पोरी दगडांवरून उतरल्या. सई पुढे, ओवी मागे. मी ओरडत होतो, "उतरू नका, तिथेच थांबा," पण त्या निघाल्या होत्या. सरळ माझ्याकडे नाही. आधी डावीकडे बरंच लांब, मग वळून परत उजवीकडे. सईचा एक हात खांद्याजवळ मुठीत, काहीतरी वाहून आणल्यासारखा. ओवीच्या दोन्ही मुठी छातीसमोर. आणि पाणी ओवीच्या गुडघ्याच्या वर एकदाही आलं नाही. ऐन मधल्या हिरव्या पाण्यातूनसुद्धा.

पोचल्या. सईने माझ्या हातात काहीतरी दिलं आणि म्हणाली, "आजोबा, धरा."

माझ्या तळव्याला ओलं, खरबरीत काहीतरी लागलं. शेवाळ असेल म्हणून मी हात झटकला आणि ओवीला उचलून छातीशी धरलं. सई माझ्या हाताकडे बघत राहिली. मग पाण्याकडे. मग परत माझ्याकडे.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही सोडलंत का?"

"काय सोडलं?"

"रोप. तो दोर."

ओवी म्हणाली, "ते आजोबा पाण्यात होते ना, त्यांनी दिला."

मग दोघींनी मिळून सांगितलं. दगडांच्या पलीकडच्या बाजूला, समुद्राकडे, एक म्हातारा पाण्यात उभा होता. काळा, बारीक, कमरेला फडकं. त्याच्याकडे जाड दोर होता. त्याने एक टोक सईला दिलं, किनाऱ्याकडे हात केला, आणि कुठून जायचं ते बोटाने वळणं काढून दाखवलं. दुसरं टोक त्याने स्वतःच्या कमरेला बांधलं होतं. बोलला काहीच नाही. फक्त दोराला दोन हिसके दिले आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे आम्ही पोचलो की त्यांना ओढायचं," सई म्हणाली. "इट वॉज ऑब्व्हियस, आजोबा."

मी गाडी थांबवून मागे पाहिलं. दुरून किनारा दिसत होता, पाणी पार काठापर्यंत आलेलं. दगड दिसतच नव्हते. परत जाऊन बघायला हवं होतं... मी गेलो नाही. पोरी भिजल्यात, अंधार पडेल, असं स्वतःला सांगितलं. आणि पोरींना म्हणालो, "मम्मीला यातलं काही सांगायचं नाही. नाहीतर पुन्हा फिरायला सोडणार नाही."

घरी ओवीच्या तळव्यांवर लाल वळ होते, सोलल्यासारखे. मंजूने विचारलं तर मी म्हटलं, बागेतल्या झोपाळ्याची साखळी. त्या वळांत बारीक काड्या रुतल्या होत्या, मी चिमट्याने काढल्या. काथ्या. नारळाच्या सोडणाचा काथ्या मी डोळे मिटून ओळखतो, आमच्या घरी आजी सुंभ वळायची. बहरीनच्या किनाऱ्यावर आता सगळे नायलॉनचे दोर. मंजू तळव्यांना मलम लावता लावता म्हणाली, "बाबा, या वयात पोरींना इतकं फिरवताय. थँक्यू हां." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून अबू यूसुफला सांगितलं. हिंदी-अरबी मिसळून, जसं आम्ही बोलतो तसं. मला वाटलं हसेल. तो चहाचा ग्लास हातात धरून ऐकत राहिला. त्याचा आजा मोत्यांसाठी बुडी मारणारा. म्हणाला, त्या होड्यांवर एका बुडी मारणाऱ्याचा दोर एकाच माणसाच्या हातात असायचा. खाली श्वास संपत आला की बुडी मारणारा दोर हिसकायचा, आणि वरच्याने दुसरं काही न बघता ओढायचं. वरच्याने जेवायचं नाही, बोलायचं नाही, डोळा हलवायचा नाही.

मग एवढंच विचारलं, "तुम खींचा?"

"मफी, अरबाब," मी म्हटलं. नाही, मालक.

त्याने ग्लास खाली ठेवला. मला रागावला नाही, धीरही दिला नाही. "यल्ला, काम देखो," म्हणाला आणि ऑफिसात गेला. त्या दिवशी तो पुन्हा बाहेर आला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी एकटा गेलो, या वेळी फोनवर टाइड बघून. ओहोटीला तो सगळा पट्टा चालून पाहिला, पोरी परत आल्या त्या वळणांनी. मला वाटलं होतं तिथे दगडी बांध असेल, मासे पकडायला जुने लोक घालायचे तसा, आणि पोरी त्याच्यावरून आल्या असतील. तसं काही नाही. सखल चिखल. मधल्या भागात मी ओहोटीलासुद्धा मांडीपर्यंत रुतलो. मासे पकडणाऱ्या दोघांना विचारलं, कुणी म्हातारा इथे येतो का, काही झालं का मागच्या आठवड्यात, कुणी... सापडलं का. नाही म्हणाले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

कुणी म्हणेल पोरींनी रचलं. मग काथ्या कुठून आला? कुणी म्हणेल एखादा खराच मच्छीमार होता. मग तर जास्तच वाईट... मग त्याचं काय झालं? दोन्हीपैकी कुठलंही धरलं तरी माझा हात झटकलेलाच राहतो. मी बरंच डोकं खाजवलं, मशिदीतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, गावी भावाला फोन करून आडून विचारलं. तुमच्यापैकी कुणाला असं काही ठाऊक असेल तर कळवा, मी आभारी राहीन.

सई जाताना प्रोजेक्टमध्ये तो किल्ला लावून गेली. चित्र छान काढलंय. समुद्राकडची बाजू मात्र कोरी ठेवली आहे. मी का म्हणून विचारलं नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल होता. मंजू पोळ्या करत होती, फोन पोरींकडे. ओवीचे दात पडलेत, ते दाखवून झाल्यावर तिने अचानक विचारलं, "आजोबा, त्या आजोबांना तुम्ही नंतर ओढलंत ना बाहेर?"

मागे मंजूच्या लाटण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "हो."

"मग ते कुठे गेले?"

"त्यांच्या घरी गेले."

ओवी खूश झाली आणि पळाली. स्क्रीनवर सई एकटी राहिली. मग म्हणाली, "बाय, आजोबा," आणि फोन पालथा ठेवला. कट केला नाही. मला बराच वेळ नुसता काळा पडदा दिसत होता आणि घरातले आवाज ऐकू येत होते. मीही कट केला नाही.