मिरचीच्या पथारीवरच्या दहा फेऱ्या

आधीच सांगून ठेवते, विजेची गाडी जिंकली. चार सेकंदांनी. ती जिंकली कारण मी तिला जिंकवली, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. उलट ज्यांना व्हायला हवा होता त्यांना आठ दिवस लागले.

नंदुरबारात ज्या गॅरेजात मी काम करते ते कागदावर चाचांचं. चाचा म्हणजे माझे कोणी सख्खे नव्हेत. एकोणीस वर्षांची होते तेव्हा वडिलांबरोबर आमच्या कोरीट गावाहून ट्रॅक्टरचा डिझेल पंप घेऊन त्यांच्याकडे आले होते. वडील चहाला गेले, आणि चाचांनी उघडलेला पंप बघत मी तिथंच उकिडवी बसले. ते म्हणाले, "नुसती दखस काय? धर पाना." धरला. तो अजून सुटलेला नाही. लग्न झालं, पोरगी झाली, सासूबाईंनी पहिली दोन वर्षं माझ्या कपड्यांच्या वासावरून तोंड वाकडं केलं, आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्याच भावाची जीप माझ्याकडे दुरुस्तीला पाठवली. गावात लोक म्हणायचे, बाईमाणसाला शोभतं का हे. मी म्हणायचे, तुमची मोटरसायकल सुरू झाली ना, मग शोभा तुम्ही घरी जाऊन बघा.

चाचांचे हात मागच्या तीन-चार वर्षांपासून थरथरतात. ते सकाळी येतात, दाराशी खोक्यावर बसतात, इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतात. बाकी सगळं मी बघते. चाचांच्या एका गोष्टीपुढे मात्र कोणाचं चालत नाही. गाडी दुरुस्त झाली की ज्याने नट आवळला त्यानेच ती आधी पळवायची. आणि पळवायची म्हणजे गल्लीत चक्कर मारून आणायची नाही, तिची जेवढी ताकद असेल तेवढी पळवायची. "अर्धी चालाडी तर रोग लपी जास," असं ते म्हणतात. गाडी शत्रूची असली तरी पुरीच पळवायची. बाजारात ज्याच्याशी त्यांचं दहा वर्षं बोलणं नाही, त्याची गाडीसुद्धा त्यांनी अशीच पळवून बघितलेली मी पाहिली आहे.

आमच्याकडे एक पेट्रोल गाडी होती. चार दारांची, दिसायला साहेबाची, पण आतून धावण्यासाठीच घडवलेली, सहा सिलिंडरची. घाटात उलटली होती. मालकाने बघितली, हात जोडले आणि आमच्याकडेच सोडून गेला. आम्ही दोघांनी ती तीन वर्षं रविवारी-रविवारी उभी केली. तिचा आवाज ऐकला की चाचांचे हात थरथरायचे थांबतात असं मला वाटायचं. तसं काही नसेल, पण वाटायचं.

गेल्या मे महिन्यात चाचांचा मुलगा सुरतेहून आला. तिकडे तो गाड्यांचा धंदा करतो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. येताना त्याने विजेवरची गाडी आणली होती, तीही तशीच, चार दारांची आणि धावणारी. गॅरेजसमोर आली तर आवाज नाही काही नाही, एकदम दारातच उभी. चाचा दचकून खोक्यावरून उठले. मुलगा हसला, आणि मग आल्या आल्या मुद्द्यावर आला. पेट्रोलचा जमाना गेला, म्हणाला. ही जागा मोक्याची आहे, इथं विजेच्या गाड्यांचं शोरूम टाकतो. काचेचं, एसीचं. माणसं सुरतेहून आणेन, शिकलेली.

"आणि ही?" चाचांनी माझ्याकडे बोट केलं.

"ताईला आपण काहीतरी देऊ ना," तो म्हणाला.

काहीतरी! माझं डोकंच सणकलं. वीस वर्षं ज्या जमिनीवर पाठ टाकली तिच्याबदली काहीतरी. मी तोंड उघडणार इतक्यात बापलेकांचीच जुंपली. तुझी गाडी काय पळणार, तुमचा डबा काय पळणार, असं करता करता पैजेवर गोष्ट आली. दहा फेऱ्या. पेट्रोल जिंकली तर गॅरेज आहे तसं राहील. वीज जिंकली तर शोरूम. चाचांनी हात पुढे केला, मुलाने त्याच्यावर हात मारला. "जबान दिधी," चाचा म्हणाले.

मी तिथंच उभी होते, हातात ग्रीस. मला कोणी विचारलं नाही.

आता एवढ्या वेगाने गाड्या पळवायला नंदुरबारात मैदान कुठलं? तर मिरचीची पथारी. हंगामात शहराबाहेर व्यापारी लोक जमीन पाणी मारून, रूळ फिरवून टणक करतात आणि तिच्यावर ओल्या मिरच्या वाळत घालतात. बघावं तिकडे लालच लाल. मार्च सरला की माल उचलतात आणि जमीन मोकळी होते, अगदी ओट्यासारखी सपाट. चाचांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने पथारी दिली. आम्ही जुने टायर मांडून रस्ता आखला. आवाराच्या भिंतीच्या कडेने लांब सरळ पट्टा, मग तीन वळणं. चाळीस-पन्नास लोक जमले. सगळे म्हणत होते, काय झकास जागा शोधली! एकाच्याही डोक्यात आलं नाही की चार महिने जिथं मिरची वाळली तिथल्या मातीत मिरचीच असणार. बियांची, सालींची भुकटी, बोटभर जाडीची. आमचं नाक त्यातच वाढलेलं. आम्हाला तो वासच येत नाही, तर आठवण कुठून होणार?

पेट्रोल गाडी मी चालवायची, विजेची त्याने. माझी पाळी पहिली.

मे महिना, सकाळचे अकरा, एसीचा पट्टा मी स्वतः काढून ठेवलेला, कारण तो इंजिनाची ताकद खातो. म्हणून काचा खाली. पहिल्या फेरीत गाडी अशी गेली की मी मोठ्याने हसले. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर काढली की इंजिन गरजायचं आणि भिंत ते गरजणं परत पाठवायची. हलकी गाडी, वळणात जिथं म्हणाल तिथं नाक वळवणार. तिसऱ्या फेरीला मात्र आरशात बघितलं तर मागे लाल ढग! आणि पुढच्या फेरीत मीच त्या ढगात शिरले. आई गं! घसा पेटला, डोळ्यांतून धारा. ओढणी नाकावर घट्ट बांधली, एका डोळ्याने रस्ता बघितला आणि चालवली. गाडीलाही श्वास घ्यायचाच होता. सातव्या फेरीपासून तिला दम लागायला लागला, आवाज जाड झाला. मला कळत होतं, एअर फिल्टर भुकटीने तुंबला. तरी तिने एकदाही दगा दिला नाही. दहा फेऱ्या, सहा मिनिटं बावन्न सेकंद. पोरं मोबाईलवर वेळ लावून उभी होती.

मी उतरले तर मैदानात शिंकांचा नुसता कल्लोळ. आमचे लोक शिंकत होते आणि हसत होते. चाचांचा मुलगा मात्र टायरवर बसलेला, डोळे गच्च मिटलेले, तोंड सुजल्यासारखं लाल, खोकून खोकून बेजार. सुरतेच्या हवेत त्याचं नाक परकं झालं होतं. कोणी पाणी ओततंय, कोणी ताक आणायला पळालं.

"पुढल्या रविवारी करू," तो कसाबसा म्हणाला.

"आजच," चाचा म्हणाले. "जबान आजनी शे."

त्याने थोडा वेळ खोकून घेतलं. मग चाचपडत खिशातून कार्ड काढलं, म्हणजे त्या गाडीची किल्ली, आणि माझ्या दिशेने धरलं. "ताई, तूच चालव. तुझ्यावर भरवसा आहे माझा."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. ज्या माणसाने मला काहीतरी देऊन उठवायचं ठरवलं, त्याचा माझ्यावर भरवसा! बरं, चाचांकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. दुसरीकडे तोंड करून उभे. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. त्यांना हवं होतं की मी हळू चालवावी, आणि तसं त्यांना सांगावं लागू नये.

बसले. काचा बंद, आत गारवा, बाहेरची एक शिंक ऐकू येईना. पाय दाबला आणि मानेला झटका बसला. गिअर नाही, वाट बघणं नाही, दाबलं की गेली. पाटाचं दार उघडल्यावर पाणी सुटतं तशी. वळणात वजन जाणवायचं, नाक बाहेर पळायचं, पण वळण संपलं रे संपलं की पुढचा पट्टा तिने खाल्लाच म्हणून समजा. आणि खरं सांगू? मला ती आवडली. मेली आवडली! दुसऱ्या फेरीला मी पुन्हा हसत होते, आणि हसतेय हे लक्षात आल्यावर स्वतःचाच संताप आला.

सहाव्या फेरीला समोरच्या पडद्यावर पिवळी खूण आली. बॅटरी तापली होती. ती ताकद कमी करणार होती. माझ्यासाठी याहून सोपं काय होतं? काही करायचंच नव्हतं. पाय होता तसाच दाबून ठेवायचा, गाडी आपोआप मंदावली असती, दहा-पंधरा सेकंद मागे पडली असती, आणि कोणाच्या बापाला कळलं नसतं. माझं गॅरेज वाचलं असतं. मी ते बघितलं. अगदी स्पष्ट बघितलं. आणि मी पाय अर्ध्यावर उचलला. सरळ पट्ट्यावर बॅटरी निवावी म्हणून तिला थोडा आराम दिला, ब्रेक आधी आणि हलके लावले, वळणं मोठी करून घेतली. नवव्या फेरीपर्यंत खूण गेली. दहाव्या फेरीला मी तिला पुरी पळवली.

सहा मिनिटं अठ्ठेचाळीस.

कोणी टाळी वाजवली नाही. चाचा आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, आते काय करसू? जबान दिधी मी."

"तुम्ही दिली," मी म्हणाले. "मला विचारलं होतं?"

मुलगा भिजलेल्या रुमालाने डोळे पुसत म्हणाला, "ताई, पैज म्हणजे पैज."

"तुमची," मी म्हणाले. "गाडी चालवायला सांगितली, चालवली, दोन्ही चालवल्या, पुऱ्या चालवल्या. तिथं माझं काम संपलं. जागा सोडायला मी कोणाच्या हातावर हात मारला नव्हता."

एवढ्या लोकांत चाचांचा शब्द मी खाली पाडला. ते रिक्षात बसून घरी गेले. आठ दिवस गॅरेजला आले नाहीत. मी रोज नऊला शटर उघडायचे, दाराशी त्यांचा खोका ठेवायचे, संध्याकाळी आत घ्यायचे. बाजारातले दोघे-तिघे सांगायला आले की म्हाताऱ्याचं मन मोडलंस. मी म्हटलं, तुमच्या गाडीचं काही असेल तर बोला. घरी जाऊन मात्र दोनदा रडले. चाचांशिवाय दुसऱ्या कोणाचा शब्द मी आयुष्यात मोठा मानलेला नाही.

नवव्या दिवशी मुलगा टेप घेऊन आला. बरोबर एक माप घेणारा माणूस. मी जीपखाली पडलेले.

"ताई, जरा बाहेर ये, माप घ्यायचंय."

"घे ना," मी खालूनच म्हणाले. "माझे पाय बाहेर आहेत, त्यांचंही घे. ते इथंच राहणार आहेत."

माप घेणारा फिस्सकन हसला. मुलाने चिडून बापाला फोन लावला. अर्ध्या तासाने चाचा आले. खोक्यावर बसले. मग त्यांनी जीपखाली वाकून मला विचारलं, "तू हळू काबरं नही चालाडी व?"

मी सरकून बाहेर आले. चेहऱ्यावर तेल, केसांत माती. "मले मन्ही जागा पायजे व्हती, चाचा. चोरेल नही."

त्यांनी मुलाकडे बघितलं. ते म्हणाले, "मी तुले जबान दिधी, खरं शे. पण जे मन्हं नव्हतं तेच मी पैजले लावं. हिले इचारं नही."

"कागद तुमच्या नावावर आहे!" मुलगा ओरडला.

"कागद मन्हा शे," चाचा म्हणाले. "दुकान तिन्हं शे."

मुलगा माझ्याकडे वळला. मला वाटलं भांडेल. त्याने टेप गुंडाळून खिशात घातली, आणि मलाच राहवलं नाही.

"शोरूम काढ ना भाऊ," मी म्हणाले. "समोरची जागा रिकामी आहे, काचेचं काढ, एसीचं काढ. तुझी गाडी चांगली आहे, मी चालवून बघितली आहे. बिघडली की रस्ता ओलांडून इकडे आण."