चौकशीबाईंचा बारावा प्रश्न

माझ्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. गरोदर बायकांचे फॉर्म भरून घेणं हे त्यांचं काम. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मी गर्भाशयाला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला प्रवाह बघते. त्यात रक्तदाब आणि फॉर्ममधली उत्तरं घातली की कॉम्प्युटर सांगतो, पुढे हिचा रक्तदाब जिवावर बेतेल इतका वाढण्याची भीती किती. उत्तर खोटं, तर आकडाही खोटा.

आणि उत्तरं खोटीच येतात, कारण सोबत सासू असते. सुनेला विचारलेल्या प्रश्नांना तीच उत्तरं देते, ‘कुणाला काही नाही’ अशा थाटात. चौकशीबाई पेन खाली ठेवतात आणि गोड आवाजात म्हणतात, “काकू, वेळ आहे अजून. पाणी पिऊन या ना तोवर.” कूलर दोन मजले खाली, मुद्दाम ठेवलेला. काकू धापा टाकत परत येईपर्यंत तीन उत्तरं खोडलेली असतात. अकरा वर्षांत हा डाव कधी फसला नाही.

गेल्या मंगळवारी त्यांची स्वतःचीच लेक आली. तेरावा आठवडा, सोबत सासू.

बारावा प्रश्न असा: आईला किंवा बहिणीला गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास झाला होता का? लेक हसली. “मला काय विचारतेस? सकाळी तू भांडी घासलीस आणि दुपारी मी हजर. सव्वीस वर्षं ऐकतेय.” कंबर धरून बसलेल्या प्रत्येक बाईला ही गोष्ट ऐकावी लागे. विहीणबाईंना तर ती सोयरीक जमल्यापासून पाठ होती. बाईंनी ‘नाही’वर खूण केली.

आत बाळ मजेत पाय झाडत होतं. प्रवाह मात्र जरा अडखळत होता. आकडा धोक्याच्या रेषेच्या जेमतेम अलीकडे आला. “म्हणजे रक्तदाब टाळायची गोळी नको,” मी म्हटलं.

दारात उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “विहीणबाई, जरा पाणी पिऊन येता का?”

“मला तहान नाही,” म्हणत विहीणबाई खुर्चीत आणखी ऐसपैस बसल्या.

आईचा डाव ओळखून लेक हसली, मग हसायची थांबली.

“डॉक्टर, बारावं उत्तर खोडा,” बाई म्हणाल्या. “आठव्या महिन्यात माझा रक्तदाब चढला, झटके आले. तीन दिवस शुद्ध नव्हती. हिला काचेच्या पेटीत ठेवलेलं. घरीदारी सगळे मला नाजूक म्हणायला लागले, म्हणून मग मी भांडी घासली. म्हणजे, गोष्टीत.”

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. उत्तर बदलताच आकडा रेषेपलीकडे गेला. रोज झोपताना एक छोटी गोळी, नववा महिना लागेपर्यंत. आत्ताच सुरू केली तर धोका बराच कमी होतो, असं मी सांगितलं, तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला.

“तीन दिवस?” लेकीने हळूच विचारलं.

“साडेतीन,” बाई म्हणाल्या.

विहीणबाई उठून बाहेर गेल्या. आता नातेवाइकांत डंका पिटणार, असं बाईंच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बऱ्याच वेळाने विहीणबाई धापा टाकत जिना चढून आल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास बाईंच्या हातात दिला.

“प्या,” त्या म्हणाल्या. “आणि आमच्याकडची भांडी आता मी घासते. खरोखरची.”