मामांचं उलटं छप्पर

आईचे मावसभाऊ, म्हणजे आमचे मामा, यांच्याइतका गोंधळलेला माणूस अख्ख्या मोगलाईत दुसरा नव्हता आणि त्यांच्याइतकं देखणं छप्पर शाकारणाराही नव्हता. गवताची पेंढी हातात आली की बोटं कधी चुकत नसत. चुकत ते स्वतः. एकदा माजलगावला काम ठरलेलं असताना ते घाटनांदूरला पोचले आणि कुणाचं तरी छप्पर निम्मं उकलून मोकळे झाले. घरधन्याला वाटलं, सासऱ्यांनी माणूस धाडला असेल. त्याने दोन दिवस भाकरी घातली. तिसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांची नावं विचारली. "काम झालं न्हवं? मग गावाचं काय घेऊन बसलाय?" असं वर मामाच त्याला म्हणाले. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसत आणि वाढणारी कुठे गेली म्हणून हाका मारत.

एका साली ठिणगी उडून आमचं छप्पर जळालं. बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. आईने मामांना बोलावलं. आमच्याकडे छप्पर अंगणात बांधून मग वीस माणसांनी उचलून भिंतींवर ठेवायची रीत. दाराकडची उतरती बाजू लांब, म्हणजे पुढे सावली पडते, मागची आखूड. मामा चार दिवस त्याच्या आतबाहेर वाकून सुंभाच्या गाठी मारत होते. मग छप्पर चढलं, माणसं घुगऱ्या खाऊन शेतावर गेली आणि आईने पाहिलं, तर सावली सगळी मागे आणि दारात रखरखीत ऊन. "आरं, हे कावून असं झालं?" मामांनी घराला दोन फेऱ्या मारल्या आणि ठामपणे म्हणाले, "आक्का, सप्पर बराबर हाय. घर उलटं हाय."

आईला रडावं की ओरडावं कळेना. माणसं पुन्हा जमायला आठवडा लागला असता, आणि बहिणीकडे तेवढा वेळ नव्हता. मामांनी पहार घेतली, मागच्या भिंतीत दार पाडलं आणि जुनं बुजवलं. अडचण एवढीच, की मागे थोरल्या काकूंचं अंगण होतं. वाटणीत जातं कुणाकडे गेलं यावरून आई आणि काकू सात वर्षं बोलत नव्हत्या. आता आई बाहेर आली की समोर काकू. दोघी पदर ओढून आत पळत. तिसऱ्या दिवशी सकाळीच बहिणीला कळा सुरू झाल्या. तिचं ओरडणं ऐकून काकू कुणी न बोलावता त्या नव्या दारातून सरळ आत आल्या. "पाणी ठिव तापाया," एवढंच त्या आईला म्हणाल्या. आईने ठेवलं. दुपारी मुलगी झाली.

मामांनी ते मुद्दाम केलं की चुकून, हे मला अजून उमगलेलं नाही. पुष्कळ वर्षांनी गेवराईच्या बाजारात ते भेटले, तेव्हा मी विचारलंच. त्यांनी मला ओळखलं की नाही तेही समजेना. मग म्हणाले, "त्या दोघी बोलत्यात न्हवं अजून?"

"भांडतात, मामा. रोज."

"लई ब्येस," मामा म्हणाले.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास ते गेले. आई खूप रडली, आणि आईला धरून काकू रडल्या.