दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

नव्वदच्या दशकात मी काश्मीरमधल्या एका पोस्टवर रेडिओ ऑपरेटर होतो. माझं गाव जवळा बाजार. लान्स नाईक किसन राठोड डोंगरकडा गावाजवळच्या तांड्यावरचा. एकाच मुलखातले, म्हणून बंकरही एकच.

शिलाँगच्या एका जवानाने बदलीवर जाताना आम्हाला कॅसेट दिली. इंग्रजी रॉक अल्बम, आमच्या जन्माच्या सुमाराचा. शब्द कळत नव्हते, तरी वॉकमनवर रोज ऐकायचो. सेल वाचावेत म्हणून फीत पेन्सिलीने मागे फिरवायचो. किसनचा नियम होता, लावलेली बाजू पुरी ऐकायची. मी बटणाकडे हात नेला की म्हणायचा, "जेवणाऱ्याला पंगतीतून उठवतेत का? तुमा जवळा बाजारवाल्यांना बाजार उठायची लई घाई."

त्या दिवशी किसनची गस्तीची तुकडी ०७०० ला नाल्याच्या वाटेने निघणार होती. मी ०६४० ला सेटवर बसलो. हेडसेट गळ्यात, कानात वॉकमन. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं चालू होतं.

"बाजू पुरी कर," किसन जाताना म्हणाला.

०६५५ ला गळ्यातल्या हेडसेटमध्ये खरखर झाली. मला ती ऐकू आली. गाणं संपत आलं होतं. मी थांबलो. मग पुढचं सुरू झालं.

०७०२ ला हेडसेट कानाला लावला. मुख्यालय आमच्या पोस्टला, चार्लीला, बोलावत होतं.

"चार्ली, तिसऱ्यांदा बोलतोय. नाल्यात सुरुंगाची खबर आहे. गस्त रोका. ओव्हर."

गस्त निघून गेली होती. नाल्यात त्यांचा सेट लागत नव्हता. दोन जवान मागे धावले. ०७१४ ला स्फोट झाला. किसन सगळ्यांत पुढे होता.

लॉगमध्ये, म्हणजे संदेशांच्या नोंदवहीत, मी लिहिलं, 'सिग्नल कमजोर.' चौकशीतही तेच सांगितलं. कोणी शंका घेतली नाही.

पेन्शनवर आल्यापासून दर वर्षी त्या तारखेला मी तांड्यावर जात होतो. कॅसेट किसनच्या सामानाबरोबर त्याच्या वडिलांकडे, रामजीकाकांकडे, आली होती; मी गेलो की ते ती लावायचे. ते तांड्यावर नगारा वाजवायचे. एकदा फीत तुटली, तर त्यांनी स्वतः चिकटवली. इंग्रजी त्यांनाही कळत नव्हतं. गाण्यातल्या ढोलाकडे कान देऊन म्हणायचे, "ह्या गड्याचा हात चुकत न्हाई." आणि गुडघ्यावर ठेका धरायचे. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं की मी टेप बंद करायचो.

एका वर्षी त्यांनी विचारलं, "सालोसाल इथंच काहून बंद करतोस, बापू?"

मी म्हणालो, "काका, सिग्नल चांगला होता. मला आवाज आला होता. मी गाणं संपायची वाट बघितली."

गुडघ्यावरचा हात थांबला. मग त्यांनीच बटण दाबून टेप पुन्हा सुरू केला.

"बाजू पुरी होऊ दे. मंग जा."

फीत संपेपर्यंत आम्ही बसलो. मग मी उठलो. पुन्हा ये, असं ते म्हणाले नाहीत.

लॉगमध्ये जे लिहायला हवं होतं ते इथे लिहितो. ०६५५, संदेश आला. सिग्नल साफ. ऑपरेटरने घेतला नाही. ०७१४, लान्स नाईक किसन राठोड.